तेवीस जोड चपला

सन २०२२. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातली जुनी देवळं आणि कबरी लोकांना दाखवत फिरायला लागून मला अठ्ठावीस वर्षं झाली होती. या अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एकही माणूस हरवलं नव्हतं. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगायचो. कुणी विचारलं नाही तरी सांगायचो. नवरात्राच्या पाचव्या माळेला दुपारी चार वाजेपर्यंत ती खरी होती.

या अंकाचे संपादक म्हणाले, नाना, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. मी म्हटलं, लिहितो, पण माझ्या हातानं लिहिणार आणि वेळ लागणार. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचताना मी अक्षराला अक्षर जोडत जातो, ओठ हलतात. म्हणून चारचौघांत वाचत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ इथंच आहे.

मी मूळचा घोडेगावकडचा. आमच्या बाजारात जुनी माणसं बैलाच्या तोंडाकडं नंतर बघायची, आधी खूर बघायची. खूर बघून सांगायची, हा नांगराला चालेल, हा गाडीला चालेल, हा दोन महिन्यांत बसेल. तो नाद मला तिथंच लागला. पुढं नगरला आलो, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर बिगारी म्हणून चुना कालवला, दगड वाहिले. ज्या कबरीवर आज लोक मान वर करून घुमट बघतात, त्या घुमटाच्या बांबूच्या परांचीवर मी उभा राहिलेलो आहे. कुठला दगड जुना आणि कुठला आम्ही बसवलेला, हे मी हात लावून सांगतो. पुस्तकवाले गाईड सन सांगतात. मी दगड सांगतो.

बाहेरच्यांना वाटतं, गाईड म्हणजे बोलणं. बोलणं सोपं आहे. अवघड आहे ते जेवढी माणसं नेली तेवढी परत आणणं. पन्नाशीच्या पुढची माणसं पोरांपेक्षा वाईट. एक फोटो काढायला थांबतो, एकाला लघवीला जायचं असतं, एक जण खांबावरची शिल्पं मोजत बसतो. त्यांची डोकी मोजायला गेलं की डोकी हलतात. एकदा एकोणीस येतात, एकदा एकवीस.

म्हणून मी माझी रीत काढली. मी चपला मोजायचो.

देऊळ असो, मशीद असो, नाहीतर कबर असो, माझ्या माणसांनी जोडे बाहेर काढायचे. जिथं कुणी सांगत नाही तिथंही. काही जण कुरकुर करायचे, "नाना, इथं तर पूजा पण होत नाही." मी म्हणायचो, "आत कोणीतरी निजलंय ना? मग काढा." माणसं आत गेली की मी पायरीवर बसायचो आणि जोडे पाचापाचांनी लावायचो, टाचा देवाकडं, बोटं बाहेर. निघताना पायरी रिकामी झाली, की माणसं पूर्ण. चपला हलत नाहीत, गप्पा मारत नाहीत, फोटोला थांबत नाहीत.

शिवाय जोडे माणसाचं सगळं सांगतात. टाच एका बाजूनं झिजलेली असली की हा डोंगर चढताना मागं राहणार. कोरे करकरीत बूट घालून आला की दुपारपर्यंत फोड. एक साहेब तर चांदबिबीच्या महालावरून दुसऱ्याचेच बूट घालून उतरले आणि खाली येईपर्यंत त्यांना कळलं नाही. मी वरूनच ओळखलं होतं, कारण त्यांची चाल बदलली होती. (तो महाल चांदबिबीचा नाही, सलाबतखानाची कबर आहे, हे मी अठ्ठावीस वर्षं सांगतोय. लोक हो म्हणतात आणि घरी जाऊन चांदबिबीच सांगतात.)

तर, त्या दिवशीची मंडळी नगरचीच. एका कॉलनीतलं ज्येष्ठ नागरिक मंडळ. जन्म नगरला गेला आणि गावातली कबर बघितलेली नाही, असली माणसं. दोन ट्रॅव्हलर गाड्या. एक भिंगारच्या युसूफची. हा माझ्याबरोबर अकरा वर्षं आहे आणि अकराही वर्षं मला बोलतोय. दुसरी त्याच्या भाच्याची. मंडळाचे पुढारी क्षीरसागर सर, हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. सकाळी सात वाजता त्यांनी माझ्या हातात घडी घातलेला कागद दिला.

"नाना, ही यादी. शेवटची ओळ तेवढी बघून ठेवा."

आता हेडमास्तरासमोर मी ओठ हलवत यादी वाचू? मी कागद सदऱ्याच्या खिशात टाकला.

"बघतो," म्हटलं.

पहिल्यांदा डोंगरावर, सलाबतखानाच्या कबरीकडं गेलो. कबरीच्या पायरीवर जोडे मोजले. तेवीस. पाचाच्या चार रांगा आणि वर तीन. झालं, माझ्यापुरते आम्ही तेवीस. बागरोज्यात, म्हणजे सुलतानाच्या कबरीपाशी, तेवीस. तिथं हत्तीची कबर दाखवली, सगळे खूश. जेवून श्रीगोंद्याकडनं पेडगावला आलो तेव्हा अडीच वाजले होते. सप्टेंबर अखेरचं ऊन, दगड तापलेले.

पेडगावचा किल्ला म्हणजे आत पडझड आणि वेडी बाभळ, आणि मधे लक्ष्मीनारायणाचं देऊळ. नगर जिल्ह्यात असलं कोरीवकाम दुसरं नाही, भांडायचं असेल त्यानं माझ्याशी येऊन भांडावं. पलीकडं भीमेच्या काठावर महाल आहे, त्याला नदीवर उघडणारी खिडकी आहे. मी देवळात उभं राहून जोरात सांगितलं, "त्या खिडकीतनं नदी बघितली न्हाई, त्यानं पेडगाव बघितलंच न्हाई." आणि पाचच मिनिटांनी घड्याळ बघून म्हणालो, "पण आता उशीर झालाय. सिद्धटेकला दर्शनाला गर्दी असंल. चला."

पायरीवरचे जोडे उचलले गेले. पाच, पाच, पाच, पाच, तीन. पायरी रिकामी.

सर म्हणाले, "नाना, एकदा नावं घेऊ या का? दोन गाड्या आहेत."

मी म्हटलं, "सर, पायरीवर एक जोड राहिला न्हाई. नावं घ्यायला ही काय शाळा हाय?"

मंडळी हसली. सरही हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

पेडगावहून सिद्धटेक वीस-पंचवीस मिनिटं. दर्शन झालं, चहा सांगितला. तेवढ्यात शिंदे वहिनी आल्या. या पुढच्या, युसूफच्या गाडीत बसल्या होत्या.

"सिस्टर कुठायत? प्रसाद घेतला का त्यांनी?"

मागच्या गाडीतल्या बायका म्हणाल्या, "सिस्टर तुमच्याच गाडीत ना?"

"अहो, त्या पेडगावला उतरताना म्हणाल्या, पुढं मी मैत्रिणींबरोबर मागच्या गाडीत बसते. पिशवी राहू दे इथं."

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. सगळी कॉलनी त्यांना सिस्टरच म्हणायची. सरांनी त्यांना फोन लावला. फोन वाजला. युसूफच्या रिकाम्या गाडीत, सीटवरच्या पिशवीत वाजला.

तरी तोंड माझं ताठच. मी म्हटलं, "असतील इथंच, रांगेत. माझी मोजणी पक्की हाय." दहा मिनिटं मी सगळ्यांना देवळाभोवती फिरवलं. मग वर कळस म्हणून मी काय करावं? दगडी घाटाच्या पायरीवर मी सगळ्यांना जोडे काढून रांगेत ठेवायला लावले. पासष्ट-सत्तर वर्षांची माणसं, एकीचा गुडघा बदललेला. मोजले. पाच, पाच, पाच, पाच, तीन.

"तेवीस," मी म्हटलं. "सकाळी तेवीस, आता तेवीस. बघा सर. पूर्ण हायेत."

सर हळूच म्हणाले, "नाना, आपण चोवीस आहोत."

मी रांगा पुन्हा बोटानं मोजल्या. शिंदे वहिनींनी तोंडावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "अहो, सिस्टरच्या पायांत चप्पलच नव्हती. नवरात्रात त्या नऊ दिवस अनवाणी असतात. उपवासही असतो. सकाळपासून दोन केळ्यांवर आहेत."

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. दोन केळी. तापलेला दगड. आणि मी त्यांना सांगून ठेवलेली ती नदीवरची खिडकी. त्या खिडकीला कठडा नाही.

सर म्हणाले, "त्यांच्या मुलीला कळवावं लागेल."

"अर्धा तास द्या," मी म्हटलं.

मी आणि युसूफ निघालो. गाडी वळवता वळवता तो म्हणाला, "काय नाना, आज चपला बोलल्या न्हाईत वाटतं?" मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढचा रस्ताभर तोंड उघडलं नाही. अकरा वर्षांत हे पहिल्यांदा. ते मला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं.

मी त्या बाईचा चेहरा आठवायला लागलो. आठवेना. शिंदे वहिनींच्या शेजारी कोणीतरी बारकी बाई होती. हिरवं पातळ की निळं? कबरीच्या पायऱ्या चढताना थांबली होती का? तेवीस जोड्यांतला प्रत्येक जोड मी सांगू शकलो असतो, कोल्हापुरी कुणाची, पट्टा तुटलेला कुणाचा. बाई सांगू शकलो नाही. पायांवरून माणूस ओळखतो म्हणत फिरणारा मी, दिवसभरात एकदाही मी पाय बघितले नव्हते.

किल्ल्यात पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. ऊन तांबूस झालं होतं, सावल्या लांब पडल्या होत्या. पायरी रिकामी. आत पाकोळ्या उडाल्या. मी हाक मारली, "सिस्टर! ओ सिस्टर!" आणि मला कळलं, या बाईचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. नाव माझ्या खिशात होतं. घामानं कागद छातीला चिकटला होता, पण तेव्हा मला त्याची आठवण झाली नाही. खरं सांगायचं तर झाली, पण युसूफसमोर अक्षरं जोडत बसायची लाज वाटली. तेव्हासुद्धा.

युसूफ म्हणाला, "मी गावात इचारतो, तुमी हितं बघा." तो गाडीकडं पळाला.

मी देवळाच्या मागं गेलो. आणि तिथं धुळीत मला दिसलं. पुढच्या बाजूला सगळे बुटांचे ठसे, कंपनीच्या सोलांचे, नक्षी नक्षीचे. मागच्या बाजूला फक्त एक अनवाणी पाऊल. लहान, अंगठ्याशेजारचं बोट त्याच्यावर चढलेलं. एकदा नाही, ते पाऊल देवळाला वळसा घालून पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं गेलं होतं, त्याची बारीक पायवाट झाली होती. बाई प्रदक्षिणा घालत होत्या. पुढं मी चला चला करत होतो, आणि त्या मागच्या बाजूला होत्या.

मग ते पाऊल देवळापासून सुटलं होतं. महालाकडं गेलं होतं. नदीकडं.

मी पळालो. एकाहत्तराव्या वर्षी माणूस पळतो म्हणजे काय ते मी सांगत नाही. बाभळीनं सदरा फाटला. महालात फरसबंदी, तिथं धूळ नाही, ठसा नाही. खिडकीपाशी आलो आणि उभं राहून बघायचं धाडस होईना, म्हणून पोटावर पालथा पडलो आणि डोकं बाहेर काढलं. खाली भीमा. पाणी गढूळ, संथ. काठाच्या काटेरी झुडपात पांढरं काहीतरी अडकलेलं, पाण्याबरोबर वर खाली होत होतं.

किती वेळ मी ते बघत होतो, देवाला ठाऊक. पाणी जरा हललं, ते पांढरं उलटं झालं आणि त्याच्यावर खताच्या कंपनीची लाल अक्षरं दिसली. मोकळं पोतं होतं. मी तिथंच दगडावर गाल टेकवून पडून राहिलो. दगड अजून गरम होता.

उठलो, आणि महालाच्या दुसऱ्या दाराशी पुन्हा पाऊल सापडलं. किल्ल्याच्या वेशीकडं निघालेलं. पण आता ते वेगळं होतं. डावं पाऊल पूर्ण, उजव्याची नुसती टाच. मी बिगारी माणूस, अनवाणीच वाढलेलो. नुसती टाच उठते म्हणजे तळव्यात पुढं काटा गेलाय. म्हणजे बाई लंगडत होत्या. म्हणजे बाई चालत होत्या. दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या. मी वाकून एकेक टाच बघत निघालो, बाजारातली म्हातारी माणसं बैलामागं खुरं बघत चालायची तसा.

वेशीजवळ भैरवनाथाचं देऊळ आहे, तिथं रोजची पूजा असते. ओट्यावर गावातल्या चार-पाच बाया बसल्या होत्या. मधे एक बारकी बाई, हिरवं पातळ, उजवा पाय एका म्हातारीच्या मांडीवर. म्हातारी सेफ्टी पिनेनं काटा काढत होती. शेजारी युसूफ उभा, माझ्याकडं बघून हसतही नव्हता आणि रागावतही नव्हता.

म्हातारी मान वर न करता म्हणाली, "हाच व्हय तुमचा गाईड? का वो, माणूस टाकून जातंय व्हय कुनी? आमी शेरडं बी घरी न्हेताना मोजतो."

मी म्हटलं, "मोजली हुती."

"काय मोजलं?"

युसूफनं सांगितलं, "चपला मोजल्या, मावशी." सगळ्या बाया हसल्या. हसू द्या म्हटलं.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला ओट्यावर बसायला जागा केली. माझा हात धरून नाडी बघितली, सवयीनं बघितली असेल. मग म्हणाल्या, "आधी पाणी प्या. तुमची नाडी माझ्यापेक्षा जोरात चाललीये."

मी पाणी प्यालो. त्या म्हणाल्या, "नाना, मी पस्तीस वर्षं वॉर्डात काढली. ड्युटी बदलताना आम्ही पेशंट मोजायचो. तोंडाकडं बघून, नाव घेऊन. पलंगाखालच्या चपला नाही मोजायचो. चपला काय, गेलेल्या माणसाच्याही पलंगाखाली राहतात."

रागानं नाही बोलल्या. नव्या पोरीला काम शिकवतात तसं बोलल्या.

"खिडकीत कशाला गेलात एकट्या?" मी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, त्याशिवाय पेडगाव बघितलंच नाही. मला वाटलं, सगळे तिकडंच गेले असतील." आणि वर म्हणाल्या, "छान आहे नदी."

काटा निघाला. बोटभर नव्हता, पण वाईट होता. मी माझ्या चपला काढून त्यांच्या पुढं ठेवल्या. त्या म्हणाल्या, "अजून चार माळा राहिल्यात. घाला तुम्हीच." मग मी आणि युसूफनं दोन्हीकडून धरून त्यांना गाडीत बसवलं. युसूफनं दार लावलं, पुन्हा उघडलं, आत वाकून बघितलं आणि मला ऐकू जाईल असं म्हणाला, "एक."

सिद्धटेकला सगळी मंडळी रस्त्यावर येऊन उभी होती. शिंदे वहिनी रडल्या. सरांनी मुलीला फोन केला नव्हता, घड्याळ बघत बसले होते. माझा अर्धा तास कधीच संपला होता. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर मीही काहीतरी बोललो असतो आणि बरं वाटलं असतं. मला म्हणायचं होतं, चुकलं. तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. नगरला गाड्या थांबल्या, मंडळी उतरली, सिस्टर लंगडत गल्लीत शिरल्या, तरी निघालं नाही. सिस्टर हा अंक घेतात असं कळलंय. म्हणून इथं लिहितो: सिस्टर, चुकलं. सर, तुमच्या शाळेला हसलो, तेही चुकलं.

लोक विचारतात, आता चपला मोजत नाही का? मोजतो. हात आपोआप मोजतात. टाचा देवाकडं, बोटं बाहेर. पण माझ्या हातून एकही माणूस हरवलं नाही, हे आता कुणाला सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, एक हरवलं होतं, दोन तास.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी उठलो. फाटलेला सदरा धुवायला टाकताना खिशात कागद लागला. घामानं घड्या चिकटल्या होत्या. घरात कुणी उठलं नव्हतं. मी ओट्यावर बसलो, चष्मा लावला, बोट ठेवून वाचायला लागलो. एक एक नाव, आडनावासकट, आवाज काढून. उजाडेपर्यंत वाचत होतो. चोवीस नावं होती. चोविसावं सिस्टरचं. चांगलं नाव आहे, इथं लिहीत नाही. त्याच्यापुढं सरांच्या वळणदार अक्षरात आणखी थोडं होतं. ते मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मीच अक्षरं चुकीची जोडली.

"उपवास आहे. अनवाणी आहेत. लक्ष ठेवावे."

नऊ वाजता दुसरी मंडळी यायची होती, खर्ड्याच्या किल्ल्यावर जायचं होतं. मी त्यांच्या पुढाऱ्याला फोन लावला. म्हटलं, येताना सगळ्यांची नावं लिहून आणा. ते म्हणाले, आणतो की नाना, त्यात काय. मी म्हटलं, मोठ्या अक्षरात लिहा. मला वाचायला वेळ लागतो.